लाल दोऱ्याची बाटली

“नको! यात विष कालवलंय!” रोसिली किंचाळली आणि आईच्या हातातली बाटली तिने उडवून लावली. पाद्र्यांच्या खोलीत पाणीच पाणी झालं.

“बघितलंत ना, अच्चन?” थ्रेस्या पाद्र्यांना म्हणाली. “बापाच्या हातचं साधं पाणी गटागटा प्यायली. लाल दोऱ्याच्या बाटलीत पवित्र पाणी, तर तोंडसुद्धा लावेना! माझ्या पोरीला सैतानानेच धरलंय. आता त्रिशूरच्या डॉक्टरच्या गोळ्या देते विहिरीत फेकून.”

दाराशी पैली उभा होता. रोसिलीचा बाप, आणि तीस वर्षं या चर्चचा घंटेकरी. त्याला बायकोचाच संशय येत होता. सैतान आज ना उद्या उतरतो, वेडाचा शिक्का उतरत नाही, आणि धाकटीचं लग्न ठरलेलं. थ्रेस्याला सैतानच हवा होता.

कुरियाकोस अच्चन अस्वस्थ झाले. “आधी डॉक्टर, असंच माझं म्हणणं होतं. पण ही परीक्षा जुनी आहे. कुठलं पाणी कुठलं, हे पोरीला ठाऊक नव्हतं, आणि नेमकी पवित्र पाण्यालाच बिथरली. सैतान उतरवायचा तर बिशपना कळवावं लागेल.” त्यांनी कागद ओढला.

पैली दारातून पुढे आला. दोन्ही बाटल्या त्यानेच भरल्या होत्या. चर्चच्या पेरुन्नाळ सणाच्या जत्रेत पवित्र पाण्याचं पिंप रिकामं झालं, आणि अच्चन ओरडतील म्हणून तो गप्प बसला. तेव्हापासून चर्चच्या दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या कुंडीत तो विहिरीचंच पाणी ओतत होता. आख्खं गाव त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करत होतं!

गप्प राहिलं तर नोकरी राहील. आणि पोरगी?

“अच्चन, लिहू नका.” त्याने कागदावर हात ठेवला. “दोन्ही बाटल्यांत विहिरीचंच पाणी होतं.”

“काय बरळताय?” थ्रेस्या ओरडली. “पोरीला वेडी ठरवायला निघालात! कसला बाप तुम्ही?”

“पिंप महिनाभर कोरडं आहे. जाऊन बघा.”

अच्चन स्वतः बघून आले. बिशपना लिहायला घेतलेला कागद त्यांनी चुरगळला. मग म्हणाले, “पैली, किल्ल्या ठेवून जा. आणि थ्रेस्या, गोळ्या विहिरीत टाकू नकोस. आजच दे.”

पैलीने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. कंबर एकदम मोकळी झाली, आणि त्याला भर खोलीत लाज वाटली.

घरी थ्रेस्याने गोळ्यांचं पाकीट त्याच्यासमोर आपटलं आणि ती आत निघून गेली. रोसिली पायरीवर बसली होती. पैलीने येताना उचलून आणलेली लाल दोऱ्याची तीच बाटली पुन्हा भरून आणली.

“अप्पच्चन, यात काय घातलंय?” तिने डोळे बारीक केले.

“आपल्या विहिरीचं पाणी.”

“खोटं.”

पैली खाली बसला. आधी स्वतः घोटभर प्यायला आणि गोळी न् बाटली तिच्यापुढे धरून ठेवली. तिने बाटली हुंगली, उजेडात धरून पाहिली. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. कोणीतरी नवखं ती वाजवत होतं, ठोके चुकत होते. पैलीने तिकडे पाहिलं नाही. रोसिलीने गोळी जिभेवर ठेवली आणि बाटली तोंडाला लावली.