चौकटीतलं खापर

"हे नही जाणार," नाना म्हणाले आणि पोळ्या भाजायचं मातीचं खापर लोखंडी चौकटीवरून उचलून त्यांनी बाजूला ठेवलं. "रिजेक्ट."

आई ओट्यावर गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. रिजेक्ट हा शब्द तिने लग्नापासून इतक्यांदा ऐकला होता, की तो आता तिच्या अंगाला लागत नसे. नाना वरणगावच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला नग गेजमध्ये घालून पाहायचा, बसला तर पास, अडला तर रिजेक्ट, एवढंच त्यांचं काम. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गेज काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. घरात भाकरीपासून जावयापर्यंत सगळं त्यांच्या तपासणीतून गेलेलं. जावई पास झाला होता, तोही दुसऱ्या खेपेला.

बहीण नूतन हैदराबादला असते. तिला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. लग्नानंतर तिची एकही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, माहेराबाहेर गेली नव्हती. आमच्याकडे लेक दिवाळीला नाही आली तर चालतं, पण आखाजीला लेकींसाठी बांधलेला झोका रिकामा राहिला तर शेजारीपाजारी विचारायला येतात. फोनवर ती आईला म्हणाली, "माय, मले दुसरं काही नको, खापरावरची गरम पोयी खावीशी वाटते." आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मग जावयाने आम्हा तिघांची जळगावहून विमानाची तिकिटं काढून पाठवली. लेक येत नाही तर आखाजीच तिच्याकडे न्यायची, असं ठरलं.

विमानात हातात न्यायच्या सामानाचं माप पंचावन्न, पस्तीस आणि पंचवीस सेंटिमीटर, असं मी मोबाइलवर वाचून दाखवलं आणि नानांच्या अंगात कारखाना संचारला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून तेवढ्या मापाची लोखंडी चौकट करून आणली. अंगणात तिला मानाची जागा मिळाली. गल्लीतले लोक आपापल्या पिशव्या घेऊन येऊ लागले. ज्यांना विमानाने कुठेच जायचं नव्हतं, तेही बॅग घालून बघत आणि पास झाली की खूश होऊन घरी जात.

अडलं ते खापर. आजीच्या वेळचं, उपडं ठेवलं तर अर्धी चूल झाकेल एवढं मोठं. ते चौकटीच्या आत शिरायलाच तयार नव्हतं. विमानाच्या पोटात टाकावं, तर शेजारच्या लताबाईंची लोणच्याची बरणी तशीच गेली होती आणि पलीकडे नुसताच मसाला उतरला होता. आणि पोळ्या इथूनच करून न्याव्यात, असं मी सुचवलं तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय तिथेच सोडला.

"खापराबिगर आखजी कसची?" ती नानांना म्हणाली. "खापर नही जात, तर मीबी नही जात."

नानांनी चौकट खांद्यावर घेतली आणि मला घेऊन ते उखर्डूच्या आव्याकडे, त्याच्या भट्टीकडे, निघाले. उखर्डू आमचा कुंभार. आखाजीला पितरांची घागर पुजतात, ती दरवर्षी त्याच्याचकडून येते. त्याने चौकट फिरवून फिरवून पाहिली, हसला आणि दोन दिवसांत खापर घडवून ठेवलं. नानांनी ते ओलंच चौकटीला लावून पाहिलं. बोटभर जास्त भरलं.

"नाना, माती हाये, लोखंड नही," उखर्डू म्हणाला. "सुकली का आकसते, भाजली का आखीन आकसते. वल्लं जरा मोठंच राहू द्या."

पण मापात म्हणजे मापात. नानांनी बसून त्याच्याकडून कड कमी करून घेतली. खापर भाजून घरी आलं तेव्हा ते चौकटीत बसलं खरं, पण थोरल्याच्या सदऱ्यात पोर हरवावं तसं. आईने ते हातावर तोललं.

"याच्यावर पोयी नही व्हत," ती म्हणाली. "भातुकली व्हते."

दुसरं करून घ्यायला आता वेळ नव्हता. आईने तेच खापर गोधडीत गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि जळगावच्या विमानतळापर्यंत मांडीवर धरून बसली. नाना मात्र इस्त्रीचा सदरा घालून, परीक्षेला निघाल्यासारखे.

काउंटरवरच्या मुलीने पिशवीचं वजन केलं आणि ती पुढे न्यायला सांगितली. बाजूला मापाची चौकट उभी होती, तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी पिशवी उचलली. नाना हलेनात.

"मॅडम, माप घ्या," ते म्हणाले.

"गरज नाही काका, बसेल."

"घ्या तरीबी."

मागे रांग खोळंबली होती. ती मुलगी हसत उठली आणि तिने पिशवी चौकटीत सोडली. पिशवी विहिरीत पोहरा जावा तशी सरळ आत गेली. नानांचा चेहरा फुलला. तेवढ्यात आईने पिशवी आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत हात घातला. अख्खा पंजा आत गेला. तिने नानांकडे पाहिलं, आणि आमचे नाना, ज्यांनी साहेबांपुढे कधी मान खाली घातली नव्हती, ते खिशात तिकीट शोधू लागले. तिकीट माझ्याकडे होतं.

पुढे तपासणीच्या यंत्रात खापर पाहून जवानाने पिशवी उघडायला लावली. आईने त्याला आपल्या हिंदीत सांगितलं, "बेटी पेट से है. ये उल्टा रखते, ऊपर पोली डालते." त्याने खापर पुन्हा गोधडीत नीट गुंडाळून, दोन्ही हातांनी तिला परत दिलं. विमानातली सगळी वाट ते तिच्या पुढच्या सीटखाली होतं आणि तिची पावलं त्याला लागून होती.

आखाजीच्या सकाळी नूतनच्या घरी गॅसवर खापर उपडं बसलं. पुरण तयार होतं, आमरस झाला होता. आईने पुरण भरलेला कणकेचा उंडा घेतला, हातांवर फिरवला आणि सवयीने कोपरापर्यंत पोळी वाढवत नेली. खापरावर टाकली तर कडा दोन्हीकडून खाली लोंबल्या आणि जळाल्या. दुसरी फाटली. तिसरी तिने छोटी करायला घेतली, पण उभा जन्म ज्या हातांनी मोठीच पोळी केली, ते हात ऐकेनात. आईची पोळी फाटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. नाना दारातून सरकून बाल्कनीत गेले.

नूतन खुर्चीवरून उठली. आई तिला म्हणाली, "तू बस. आखजीले लेक चुलीपाशी येत नही."

"ते माहेरी," नूतन म्हणाली. "हे माह्यं घर हाये, माय. आज तू पाव्हनी."

नूतनची पोळी घरात थट्टेचा विषय होती. तिचे हात आखूड, मोठ्या खापरावर ती कधी पोहोचलीच नाही. तिने उंडा घेतला, हलकेच फिरवला, मनगटाच्या थोडा वर नेला आणि टाकला. पोळी खापरावर काठोकाठ बसली. कुठे सुरकुती नाही, कुठे भोक नाही. मी नानांना हाक मारली. ते आले, वाकून त्यांनी चारही बाजूंनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पास म्हणायच्या ऐवजी त्यांनी नूतनच्या डोक्यावर हात ठेवला.

नूतनने आईला खुर्चीवर बसवलं आणि घडी घातलेली पोळी तिच्या ताटात ठेवली. वर तूप, बाजूला आमरस. आमच्या घरी आई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेही उभ्याउभ्या, उरलेलं. त्या दिवशी ती पहिली बसली आणि आम्ही बाकीचे बाजूला उभे राहिलो. तिने घास घेतला, सावकाश चावला. डोळ्यांना पदर लावला.

"पुरनात गूय जरा कमी हाये," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "आखीन एक टाक."