डबल बेल

कंडक्टरबाईंनी इवल्याशा नळीला ओठ लावले, डोळे मिटले, गाल आत ओढले आणि सगळा जीव एकवटून थुंकल्या. नळीत आला तो नुसता वारा.

"होईल, मावशी. घाई नाही," संशोधन करणारी मुलगी म्हणाली. साठी ओलांडून हौसेनं स्पर्धेत उतरणाऱ्यांचा ती अभ्यास करत होती. ताण आला की शरीर एक संप्रेरक सोडतं, ते लाळेत उतरतं, सामन्याच्या आधी आणि नंतर ते मोजायचं, असं तिनं सकाळीच समजावून सांगितलं होतं. "फक्त काही खाऊ-पिऊ नका हं. नमुना बिघडतो."

"अगं, जन्मभर बसमध्ये ओरडले मी. कधी घसा सुकला नाही. आणि आज बघ."

तोंडाला अशी कोरड का पडली, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल पुसून तयार होतं आणि अंतिम सामना दरवर्षीसारखा हेडबाईंशीच होता. निवृत्त मुख्याध्यापिका, इस्त्रीची कॉलर, सरळ पाठ, चेहऱ्यावरची सुरकुती हलेल तर शपथ! दरवर्षी कंडक्टरबाई आघाडी घ्यायच्या, मग समोरचा तो थंडगार चेहरा दिसायचा आणि त्यांच्या हातापायांतलं बळच जायचं. बाईंच्या अंगात रक्त नाही, फ्रिजमधलं पाणी आहे, असं त्या घरी येऊन सांगत.

यंदा सुनेनं कपाटावरची फुलदाणी हलवून कपासाठी जागा करून ठेवली होती. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढच्या वर्षी खेळता येईल, असं डॉक्टर काही छातीठोक सांगत नव्हते.

नळी घेऊन त्या खिडकीजवळच्या बाकाकडे वळल्या. तिथं हेडबाई बसल्या होत्या, ताठ. त्यांच्या मांडीवरही नळी होती. कोरडी ठणठणीत.

दोघींनी एकमेकींच्या नळ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही आत्ता आलात का, बाई?"

"सगळ्यांच्या आधी आले." हेडबाईंनी नळीचं झाकण उगाच फिरवलं. "तुमच्याशी सामना असला की असंच होतं माझं. रात्रीपासून."

"माझ्याशी?"

"तुम्ही हसत हसत येता. निम्मा हॉल तुमच्या ओळखीचा. मला वाटतं, या बाईला कसलीच भीती कशी नाही?"

एवढी बातमी पदरात पाडून तडक टेबलाकडे गेलं असतं, तर निम्मा कप तिथंच हाती आला होता. कंडक्टरबाई उठल्यासुद्धा. मग त्या फिरणाऱ्या झाकणाकडे नजर गेली आणि गुडघा सावरत पुन्हा बसल्या.

"डोळे मिटा, बाई. लिंबू बघा. पिवळंजर्द, रसानं टम्म. सुरी लावली. चिर्रकन उडाला की नाही रस? आता फोडीवर मीठ भुरभुरवा, आणि ठेवा जिभेवर..."

"पुरे, पुरे." हेडबाईंनी घाईघाईनं नळी उचलली. कंडक्टरबाईंनीही.

मुलगी धावत आली. "मावशी, लिंबू खाल्लंत की काय?"

"खाल्लं कुठं? नुसतं सांगितलं."

टेबलापाशी पहिली सर्व्हिस हेडबाईंची होती. चेहरा तोच, थंडगार. कंडक्टरबाईंनी यंदा चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चेंडू धरलेल्या तळहाताकडे पाहिलं. बस चढणीला लागली की वरच्या कड्या डुलतात, तसा चेंडू हलके हलके डुलत होता.

पंचांनी खूण केली. चेंडू काही वर जाईना.

कंडक्टरबाईंनी बॅटच्या मुठीनं टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवलं. टक टक. डबल बेल.

हेडबाईंच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला, आणि चेंडू वर उडाला.

आपले पाय थरथरताहेत का, ते बघायचं कंडक्टरबाईंचं राहूनच गेलं.