पाचवीचं बोट

माघातली सकाळ. केशरकोवळी, दवभिजली, पावलांचा आवाज न करता उतरणारी. वीटभट्टीच्या धुरावर ती क्षणभर थबकली आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात, पडदे ओढलेल्या एका खोलीत, फटीतून एवढीशीच आत आली. जास्त उजेड त्या खोलीला चालत नव्हता.

कारण तिथं दुर्पताची लेक होती. नाजूक मानेची, चिमुकल्या मुठींची आणि अखंड थरथरणारी. उजेड पडला की दचके, भांडं वाजलं की किंचाळे. भूक होती, तान्ही तृषा होती, पण ओठ इतके कापत की दूध ओढताच येत नसे.

दृष्ट लागली, असं दुर्पताच्या सासूचं, सोनाबाईचं म्हणणं. दृष्ट कसली! आपलेच दात, आपलेच ओठ. भट्टीवर विटा वाहून सुनेची कंबर मोडायची, तेव्हा हिनंच मायेनं अफूच्या बोंडांचं उकळलेलं पाणी तिला रोज पाजलं. स्वतःही ती तरुणपणापासून तेच पीत आलेली. कंबर निजली, वेदना निजली, आणि गर्भातल्या लेकीला त्या पाण्याची सवय लागली. नाळ तुटली, तसं पाणी तुटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिला तर ती जन्माआधीच जडली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. आम्ही औषध मोजून देऊ, हळूहळू कमी करू, तुम्ही तिला छातीशी धरा. पण घरचं काही चाटवलंत तर झोपेतच श्वास थांबेल. दुर्पतानं ते नीट ऐकलं. सोनाबाई तेव्हा बाहेर नवस बोलत होती.

आज पाचवी. पाचवीला पहिली घुटी आजीच्या बोटानं चाटवायची, ही त्या घराची रीत. सोनाबाईनं पदराआडून सहाण काढली. आईच्या दुधाचे थेंब घेऊन वेखंड उगाळलं, जायफळ उगाळलं आणि शेवटी, पिढ्यान्‌पिढ्यांना निजवणारा अफूचा तो काळा कण. मंद, कडवट, ओळखीचा वास खोलीभर पसरला. दुर्पताच्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

बोट ओठांपाशी आलं. लेकीनं तोंड उघडलं.

दुर्पतानं सासूचं मनगट धरलं. आजवर त्या बाईसमोर तिनं मानही वर केली नव्हती.

"आत्याबाई, बोट नका लावू. ही रडतीया ती आपल्याच पाण्यापायी. आता चाटवलं तर निजंल, पण उठायची न्हाई."

सोनाबाईचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

"मग माझी दोघं?" ती म्हणाली.

दोघंही अशीच पाचवीला निजवलेली, सकाळी न उठलेली. सटवाईनं नेली, असं ती जन्मभर म्हणत आली होती. दुर्पतानं मनगट सोडलं.

सोनाबाई उठली. नळाखाली तिनं बोट धुतलं, पुन्हा धुतलं, धुतच राहिली. सहाणही धुतली, खिडकीत पालथी घातली. मग नातीला उचलून उघड्या छातीशी धरलं. सकाळचं बोंडांचं पाणी प्यायचं राहिलं होतं. तिचेही हात कापत होते. लेक किंचाळली, निळीजांभळी होऊन किंचाळली.

"रड गं माये, रड," सोनाबाई म्हणाली. "माझी रडली न्हाईत."

फटीतली तिरीप सरकत सरकत पालथ्या सहाणेवर आली. खोलीत रडणं होतं, नुसतं रडणं होतं, आणि दोघी बायका ते ऐकत बसल्या होत्या.