दुकान वेगळं, घर वेगळं

छोटा धंदा बुडतो तो बहुतेक वेळा चोरांमुळे नाही, मालकाच्याच हातानं. म्हणून हिशेब शिकवायला गेले की मी पहिला नियम सांगते: दुकान वेगळं, घर वेगळं. दुकान हा दुसरा माणूस समजा. त्याच्या पैशातून साखर आणलीत तर ती उसनवारी झाली, लिहून ठेवा. सगळे माना डोलावतात आणि संध्याकाळी गल्ल्यातूनच भाजी घेऊन घरी जातात.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी मात्र ते फारच मनावर घेतलं.

मला त्यांच्या मुलीनं लावलं होतं. ती दूर राहते. "आई होती तोवर सगळं तिच्या डोक्यात होतं," ती फोनवर म्हणाली. "आता आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. तीन महिने नीट लिहून बघा. तोटा असेल तर दुकान सोडायचं आणि बाबांनी इकडे यायचं. तसं ठरलंय आमचं. तुमची फीसुद्धा दुकानाच्याच खर्चात धरा, म्हणजे खरं काय ते कळेल."

दुकान कसलं, काचेचं दार असलेली अरुंद खोली. भिंतीवर मशीनचे पट्टे टांगलेले, खणात बॉबिनी, सगळ्याला तेलाचा वास. स्टुलं दोन. दुसरं काकूंचं होतं, दर गुरुवारी ते माझं व्हायचं. बिस्किटांच्या एकाच डब्यात दुकानाचे पैसे, घराची किल्ली आणि काकूंच्या औषधांची चिठ्ठी अशी खिचडी होती. मी दुसरा डबा मागून घेतला आणि वाटणी केली.

"हा दुकानाचा, हा तुमचा."

"म्हणजे आम्ही आता दोघं झालो," काका म्हणाले.

मी हसले. पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, "परवा त्याच्याकडून दुधाला पैसे घेतले होते. सकाळी परत केले. माणूस चांगला आहे हो, कुरकुर करत नाही." पावत्या तारेला नीट टोचलेल्या होत्या. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, अक्षर मोत्यासारखं. असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

फक्त एका गोष्टीवर आमचं बिनसायचं. स्वतःची मजुरी ते वहीत नुसती लिहायचे, घ्यायचे नाहीत.

"घ्यायला हवी, काका. फुकट राबणारा माणूस हिशेबात बसत नाही."

"घरच्या माणसाकडून मजुरी घेतात का?"

"तो घरचा नाही. पहिला नियम काय?"

"वेगळा माणूस. कबूल." त्यांनी तेलाची बुधली पुसून ठेवली. "पण घरचं म्हणायला दुसरं आहे कोण, हिशेबबाई?"

माझ्या घरी तरी कोण बसलंय. खरं सांगायचं तर बुधवारपासूनच मला गुरुवारचे वेध लागायचे. त्यांचा चहा पाणचट असायचा, तरी मी दोनदा घ्यायची.

तिसरा महिना संपला तेव्हा आम्ही बेरीज मांडली. न घेतलेली मजुरी सोडूनही थोडा तोटा होता. मुलीच्या घरी काकांसाठी खोली तयार होती, खिडकीसकट, आणि त्या खिडकीत दिवसभर बसून करायचं काय, हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. मीच म्हटलं, शिकवलंय तसं करा. मोठे खर्च वर लिहा आणि एकेकाला विचारा, याच्यावाचून चालेल का?

त्यांची पेन्सिल खाली सरकू लागली. भाडं सोडता येत नव्हतं. सुट्या भागांवाचून दुरुस्ती होत नव्हती. वीज म्हणजे एक दिवा. पेन्सिल पुन्हा वर गेली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. काकांनी चष्मा काढून पुसला.

"भाड्याच्या खालोखाल तुम्ही आहात."

ते मी आधीच पाहिलं होतं.

"तुम्हाला धरलं तर तोटा. वगळलं तर त्याचं त्याला कसंबसं भागतं." ते वहीकडे बघत बोलत होते. "नाकापेक्षा मोती जड झालाय. आणि लिहायला तर तुम्ही शिकवलंतच."

मी फुकट येते, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तीन महिने मीच त्यांना फुकटच्या कामावरून झापत होते. शिवाय काम खरंच संपलं होतं. गुरूची विद्या गुरूलाच फळली, दुसरं काय.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले.

त्यांनी दुकानाच्या डब्यातून शेवटची फी मोजून दिली, पावती मागितली आणि तारेला टोचली. संध्याकाळी मी मुलीला फोन केला. दुकान स्वतःपुरतं कमावतं, बाबांना मजुरी सुटत नाही पण ते मागतही नाहीत, असं जसं होतं तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. राहू दे मग."

दोन गुरुवार मी घरी काढले. तिसऱ्या गुरुवारी आईच्या जुन्या शिलाई मशीनवरचं कापड काढलं. मशीन ठणठणीत होतं. मी त्याचा पट्टा काढला, एक स्क्रू ढिला केला आणि गाडी करून काकांकडे नेलं.

त्यांना आनंद झाला. स्टूल पुसून दिलं, चहा केला. "मध्ये दोन दिवस गिऱ्हाईक नव्हतं," ते म्हणाले, "फार उदास झाला होता बिचारा." बोलता बोलता त्यांनी स्क्रू आवळला, शटलमधला दोऱ्यांचा भुगा काढला, तेल दिलं, नवा पट्टा चढवला. कधी नव्हे ते मला वाटलं, या माणसाचा हात जरा सावकाश चालला असता तर बरं झालं असतं.

मी पर्स उघडली आणि थांबले. घरच्या माणसाकडून मजुरी घेतात का, हे त्यांनी म्हणावं म्हणून थांबले. काकांनी पावती फाडून माझ्या हातात दिली.

"माझे असते तर सोडले असते. त्याचे आहेत."

मी पैसे दिले. ते योग्य डब्यात गेले. मशीन दाराशी आणून ठेवत काका समाधानानं म्हणाले, "आता निर्धास्त राहा. वर्षभर तरी याच्यासाठी यावं लागणार नाही तुम्हाला."

घरी येऊन मी माझी वही उघडली. मशीन तर घरचं. पण मी गेले होते कामाच्या वारी, कामाच्या जागी, आणि काम काहीच नव्हतं. ती पावती कुठल्या खात्यावर लिहायची, ते मला ठरवता आलं नाही.