अकराव्या नियमाची दुरुस्ती

मला इंग्रजी चांगलं येतं, हे मी कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो. त्या इंग्रजीवरच १९५८ साली आगरदांड्याच्या मच्छीमार केंद्रात कारकून म्हणून माझी नेमणूक झाली. केंद्र एका आंतरराष्ट्रीय मंडळाचं होतं. मंडळानं इंजिनाचा मचवा दिला, बर्फाच्या पेट्या दिल्या, वजनाचा मोठा काटा दिला. शिवाय परदेशातल्या मुख्य कार्यालयातून आठवड्याला एक तरी कागद यायचा. तो वाचू शकणारा धक्क्यावर मी एकटा, आणि याचा मला भारी माज होता.

त्या वर्षी मंडळानं सगळ्या देशांतल्या केंद्रांचे नियम नव्यानं लिहायला काढले. माणसं कशी नेमायची, वर्षाचा खर्च आधी कसा मांडायचा, मालावर लक्ष कसं ठेवायचं, सगळंच. केंद्रांकडून सूचना मागवल्या. इतरांनी काय पाठवलं देव जाणे, मी अकरा नियम पाठवले. अकरावा माझा सगळ्यांत लाडका: पती व पत्नी एकाच केंद्रात नोकरीस नसावेत. इंग्रजी असं झोकदार साधलं होतं की मी ते धक्क्यावर मोठ्यानं वाचलं आणि वर मराठीत समजावूनही दिलं.

मुख्य कार्यालयालाही तो आवडला. ताबडतोब अमलात आणा, पाहणीला साहेब येत आहेत, असं उत्तर आलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी एकच होती. शिवदास मचवा चालवणारा तांडेल आणि त्याची बायको केसर काट्यावरची मुख्य. इंजिन सांभाळणारा तांडेल दुसरा मिळणार नव्हता, म्हणजे जाणार होती केसर. नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माणसं नव्हती, फक्त वाक्य होतं.

कोळ्यांत समुद्र पुरुषांचा आणि किनाऱ्याला लागलेला मासा बाईचा. एकदा माशांची पाटी धक्क्यावर उतरली की तांडेलसुद्धा मधे तोंड घालत नाही. केसर कल्ला उचलून बघायची, शिळं बाजूला सारायची, पाणी निथळू द्यायची आणि मगच जोखायची. मचव्यावरच्या सगळ्यांचे वाटे तिनं केलेल्या वजनावर ठरत, पण तिच्या काट्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. मंडळाच्या पगारपत्रकावर असलेली ती इथली पहिली कोळीण. मंडळाचा बिल्ला ती लुगड्यावर छातीशी लावायची आणि मान ताठ ठेवून बाजारातून चालायची.

मी तिला हुकूम सांगितला. रडेल, नाहीतर धक्क्यावर माझा उद्धार करेल, अशी तयारी ठेवली होती. तिनं फक्त साहेब कधी येणार ते विचारलं.

साहेब सकाळच्या लाँचनं आले. उंच, अबोल माणूस. थोड्याच वेळात शिवदासचा मचवा लागला आणि पाट्या उतरल्या. केसरनं पापलेटच्या दोन पाट्या बोट लावून बघितल्या आणि सरळ बाजूला काढल्या. बर्फ कमी पडला होता. शिवदासनं त्या मुकाट्यानं उचलून सुकवायच्या ढिगाकडे नेल्या. तिच्या घरचंच नुकसान होतं ते, पण तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

साहेब प्रसन्न झाले. नियम राहू दे, या बाईला खास सवलत देऊ, असं म्हणाले. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मी मोठ्या आनंदानं तिला ते सांगितलं.

तिनं हात पुसले. "सवलत मना नको. आज यांनी दिली, उद्या दुसरा साहेब काढून घेल. नियम बरोबर असल तर मी जातंय. चुकीचा असल तर नियम बदला."

मग माझ्याकडे बोट केलं. "नवऱ्याचा मासा मी जोखते, ता तुमाला खपत न्हाय. मंग या दिनानाथ भाऊंना इचारा. डिझेल देतान तेच, वहीत लिवतान तेच, नि म्हयना भरला की बरोबर हाय म्हनून सही करतान तेच. हे सोताचे कोन लागतान?"

खरंच होतं. डिझेलच्या कोठीची चावी माझ्या खिशात होती आणि वही माझ्या टेबलावर. मी एका थेंबाचीही लबाडी केली नव्हती. पण हे तरी कोण सांगणार? मीच ना.

साहेबांनी विचारलं, काय म्हणाली ती? मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. इंग्रजी येणारा दुसरा कोणी तिथं नव्हता. केसर माझ्याकडे बघत होती, रागानं नव्हे, काट्याकडे बघतात तशी. मी तिचं बोलणं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं, शेवटच्या प्रश्नासकट.

साहेबांनी तोच प्रश्न मला केला. मी वही उघडून माझ्या सह्या त्यांच्यापुढे धरल्या.

दुपारी साहेबांनी माझ्याच टेबलावर अकरावा नियम खोडला आणि नवा लिहिला: नातं असो वा नसो, कोणीही आपलं काम आपण तपासू नये. मासा सगळ्यांदेखत जोखला जातो, पण मचवा जाळतो ते डिझेल बंद कोठीत तांडेलाच्या बायकोनं तपासणं बरं नव्हे, असं म्हणून केसरनं साहेबांनी देऊ केलेली कोठीची चावी नाकारली आणि बर्फाच्या पेट्या सांभाळणाऱ्या सोनूबाईला द्यायला लावली. मी चावी काढून दिली. लाज वाटली, पण खिसा हलका झाल्याचं बरंही वाटलं.

सूचना कोणाची म्हणून लिहू, असं साहेबांनी विचारलं. मी काट्यापाशी जाऊन तिला नाव कसं लिहायचं ते विचारलं.

"केसर. काट्यावरची मुख्य," ती म्हणाली. "तांडेलाची बायको, आसं कुठं लिवू नका."

तसंच लिहिलं. नियम पुढं सगळ्या देशांतल्या केंद्रांना छापून गेला, त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. तिच्यावर माझं नाव कुठंच नाही. घरी पाहुणे आले की मी तीच काढून दाखवतो.