दिल्लीची पसंती

“सिग्नल क्लिअर आहे,” उल्हासराव रिमोट नाचवत म्हणाले. “दिल्लीला गव्हर्नरच हवाय. व्हिडिओ पाहिलात ना सगळ्यांनी? दिल्लीचे मंत्री गव्हर्नरला काय म्हणाले? आमचे जुने मित्र! याहून उघड ते काय बोलणार?”

शुगर लँडमधली सात-आठ मराठी घरं त्यांच्या दिवाणखान्यात जमली होती. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला दहा दिवस राहिले होते. एकीकडे गव्हर्नर, दुसरीकडे सेनेटर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत समोसा खात होतो. म्हाताऱ्यांना कोपराच देतात.

तेवढ्यात टीव्हीवर गव्हर्नरची जाहिरात लागली. परदेशातल्या पाच-सहा पुढाऱ्यांचे चेहरे एकामागून एक येऊन गेले, मागे भीती घालणारं संगीत, आणि मग एक जाड आवाज: ह्या सगळ्यांना सेनेटर निवडून यायला हवा आहे. का, ते स्वतःला विचारा.

“करेक्ट!” उल्हासरावांनी मांडीवर थाप मारली. “या फॉरेनर्सचा आपल्या इलेक्शनशी काय संबंध, यार? आपला प्रेसिडेंट आपण ठरवणार.”

“मग दिल्लीचा काय संबंध?” मी विचारलं.

माझी सून सीमा कपातल्या चहाकडे बघायला लागली.

“आबा, ते वेगळं,” उल्हासराव हसले. चाळीस वर्षं तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर काढलेला माणूस. माझ्याशी नेहमी बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं बोलतात. “ते परके. दिल्ली आपली.”

“आपली होती तर मग सोडून कशाला आलासा?”

“आबा, पुरे!” माझा मुलगा रवी म्हणाला.

उल्हासरावांनी फोनवर यादी उघडली. एकगठ्ठा मराठी मतं मिळवून देतो असा शब्द त्यांनी प्रचारवाल्यांना दिला होता. त्या बदल्यात गव्हर्नरच्या सभेत त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळणार होती. “रवी, तुझ्याकडची किती?”

“तीन,” रवी म्हणाला. “मी, सीमा आणि आबा.”

मी तिथेच बसलो होतो. हातातल्या समोशासकट.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढली. आमचे चेअरमन दर विधानसभेला उभे राहायचे, नाहीतर कुणाला तरी उभं करायचे. मतदानाच्या दिवशी ट्रक यायचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याबरोबर सुपरवायझर आत शिरायचा. “यांना दिसत नाही,” असं अधिकाऱ्याला सांगायचा, “चेअरमनसाहेबांची पसंती,” असं माझ्या कानात सांगायचा आणि शिक्का स्वतः मारायचा. माझे डोळे ठणठणीत होते. भट्टीच्या भोकातून आत बघून जाळ किती झाला ते मी सांगायचो. पण अधिकारी मान डोलवायचा आणि मीही डोलवायचो.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो, आमच्या टाइमकीपरच्या बायकोकडून, शरयूबाईंकडून. त्यानंतरच्या निवडणुकीत सुपरवायझर नेहमीसारखा आला. चिठ्ठीवरचं एकेक नाव मला वाचता येत होतं. त्याने शिक्का मारला आणि मी गप्प उभा राहिलो. रवी तेव्हा कारखान्याच्याच इंजिनीअरिंग कॉलेजात होता, चेअरमनसाहेबांच्या मर्जीवर. अडाणी असताना कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

इथे निवडणुकीच्या आधीचे काही दिवसही मत देता येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच रवी मला घेऊन मतदानाला निघाला. केंद्र लायब्ररीत होतं. सीमा आदल्या आठवड्यात ऑफिसजवळ मत देऊन आली होती.

“बॅलट खूप लांब असतं, आबा. पन्नास-साठ नावं. जज, शेरीफ, कोण कोण. मी असिस्टंट म्हणून आत येतो, पटापट करून टाकू.”

“मला वाचता येतं.”

“सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला तुम्ही एक वाक्य वाचलं होतंत, आबा. एक.”

“तेव्हा एक. त्याला पाच वर्षं झाली.” दर मंगळवारी मी याच लायब्ररीत जाऊन इंग्रजी वाचत बसतो. मी तिथे एसी खायला जातो अशी घरात समजूत आहे.

“हे बघा, उल्हासकाकांना मी शब्द दिलाय. आणि शेवटी आपल्या देशाच्या फायद्याचंच आहे ना?”

“कुठल्या?”

त्याने रेडिओ लावला.

रांग दाराबाहेर पार्किंगपर्यंत आली होती. ऑक्टोबर संपत आला तरी ऊन भाजत होतं. आमच्या पुढे एक लाल मानेचा, दांडगा माणूस होता. त्याने मागे वळून आम्हाला नीट बघितलं.

“काय हो, तुमच्या तिकडून हुकूम आलाय म्हणे, कुणाला मत द्यायचं त्याचा?” तो इंग्रजीत म्हणाला. “टीव्हीवर दाखवत होते.”

“नो, नो, सर,” रवी हसला. “जस्ट फ्रेंडशिप.”

“आमचा प्रेसिडेंट कोण, ते तिकडच्यांनी सांगायचं का?”

रवी पुन्हा हसला. दात दाखवून, खांदे पाडून. सुपरवायझरपुढे मी असाच हसायचो. त्या माणसाचं तोंड फोडावं असं मला वाटलं, पण तो खोटं बोलत नव्हता. बोलायचं तर आधी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रवीशी बोलायला हवं होतं.

आत टेबलामागे एक वयस्कर काळी बाई बसली होती. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिने माझं कार्ड यंत्राखाली धरलं.

“माय फादर कॅनॉट रीड,” रवी म्हणाला. “आय विल असिस्ट हिम.”

तिने एक कागद काढला. मतदाराला वाचता येत नाही म्हणून मी मदत करतो आहे, अशी शपथ त्यावर होती आणि खाली सहीची जागा. रवीने पेन उचललं. तेवढ्यात बाईने चष्मा डोळ्यावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं, रवीकडे नाही.

“सर, तुम्हाला मदत पाहिजे का?”

मागे माणसं उभी होती. लाल मानेचा शेजारच्याच टेबलाशी होता, त्यानेही वळून बघितलं.

“आबा,” रवी दबक्या आवाजात म्हणाला, “प्लीज. तमाशा नको. येस म्हणा फक्त.”

“तू खोटी शपथ घेणार होतास, रवी. माझ्या नावानं.”

“काही होत नाही हो! सगळेच आपापल्या पेरेंट्सचं करतात!”

“म्हाइत हाय मला. माझंबी करायचे.”

मग मी बाईकडे वळलो. “नो हेल्प,” मी म्हणालो. “आय रीड.”

तिने तो कागद परत घेतला. “सर, तुम्ही मागे व्हा,” असं तिने रवीला सांगितलं. एकदा सांगून तो हलला नाही, तेव्हा दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने.

यंत्र म्हणजे टेबलावर तिरकी ठेवलेली काच होती. मला ओळीखाली बोट धरून वाचायची सवय आहे, शरयूबाईंनी तसंच शिकवलं. पहिल्या नावाखाली बोट ठेवलं आणि खटकन तिथे खूण उमटली. गव्हर्नर.

खूण राहू दिली असती तर सगळं सोपं होतं. रवीचा शब्द राहिला असता, घर शांत राहिलं असतं, आणि मला म्हणता आलं असतं की चूक बोटाची. पण मी त्याच जागी पुन्हा बोट टेकवलं. खूण गेली.

मग दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसत्या डोळ्यांनी वाचायला लागलो. ओळी हलत होत्या. एकेक नाव दोनदा, तीनदा वाचलं. हवं ते सापडलं की एक हात सोडायचा, टेकवायचा, परत पाठीमागे न्यायचा. कुणाला दिलं ते मी रवीला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. ज्या जजांची काहीच माहिती नव्हती ते सोडून दिले. पाऊण तास लागला. मागे कुणीतरी दोनदा उसासा टाकला, टाकू दे. शेवटी कागद छापून आला, तो मीच पेटीत सरकवला.

रवी बाहेर गाडीला टेकून उभा होता. त्याचं मत देऊन झालं होतं.

“कुणाला?”

मी दुसऱ्या बाजूच्या दाराकडे चालायला लागलो.

“उल्हासकाकांना मी काय सांगू आता?”

“दोन म्हणून सांग.”

“म्हणजे सेनेटरला दिलंत.”

“तसं मी म्हणालो नाही.”

“इथे आणलं कुणी तुम्हाला, आबा? मी आणलं. पेपर्स कुणी केले? एवढी एक गोष्ट मागितली मी!”

“मागितली असतीस तर विचार केला असता,” मी म्हणालो. “तू मागितली नाहीस.”

तो गाडीत जाऊन बसला. मीही बसलो. माझा उजवा खांदा वर जात नाही. त्यामुळे पट्टा नेहमी रवीच आडवा वाकून ओढतो आणि लावून देतो. त्याने गाडी सुरू केली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिला. गाडी टिंग टिंग वाजायला लागली. मी डावा हात उजव्या खांद्यामागे नेऊन पट्टा चाचपला. तो हाताला लागला, सुटला, पुन्हा लागला. रवी समोरच बघत होता. मी पट्टा छातीवरून ओढून आणला आणि खाच शोधत राहिलो. शेवटी खटका बसला. आवाज थांबला. रवीने गिअर टाकला.