एक बारीकशी नस

काल्हेरच्या रामनाथनं दहा वर्षांत मटणाचा एक तुकडा तोंडात घातला नव्हता, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात शोधून सापडला नसता. लग्नाआधीच्या हळदीचं मटणाचं जेवण कुणाच्याही घरचं असो, रामनाथ आपला स्टीलचा डबा घेऊन पहिल्या पंगतीत बसायचा. डब्यात उकडलेला दुधी, बिनमिठाचा. डबा उघडला की आजूबाजूच्या चार माणसांचा रस्सा बेचव व्हायचा, आणि खरं तर त्यातच रामनाथचं पोट भरायचं.

अठ्ठ्याण्णव साली त्याची बायपास झाली होती. त्याची आणि त्याचा चुलतभाऊ केसरीनाथ याची, एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरकडे. आधी छातीत दुखलं ते केसरीनाथच्या. पण समोरच्या घरचा भाऊबंद मुंबईच्या हॉस्पिटलात जातो म्हटल्यावर रामनाथनंही तपासून घेतलं, आणि देवाच्या दयेनं त्याच्याही नसा बंद निघाल्या. केसरीनाथला तीन नव्या नसा जोडल्या, रामनाथला चार. घरी आल्यावर सहा महिने रामनाथनं शर्टाची वरची बटणं लावलीच नाहीत.

डॉक्टरनं दोघांना सारखाच कागद दिला होता. गोळ्या, चालणं, तेल-मीठ कमी. रामनाथनं तेल-मीठ इतकं घट्ट धरलं की बाकीचं धरायला हातच उरला नाही. चालायला जावं तर बाहेर गोडाऊनच्या ट्रकांची धूळ, ती हृदयाला वाईट. म्हणून तो ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून राहायचा. गोळ्या त्यानं चार वर्षं घेतल्या. मग वडप्याच्या एका गोडाऊनचा वॉचमन म्हणाला, दुधीचा रस आणि पिंपळाच्या पानांचा काढा घेतला की नसा आतून धुऊन निघतात. वॉचमनला हे कुणी सांगितलं? तर त्याच्या आधीच्या शिफ्टच्या वॉचमननं. दोन-दोन वॉचमनचा दाखला मिळाल्यावर रामनाथनं गोळ्या सोडल्या, आणि डॉक्टर ओरडेल म्हणून डॉक्टरही सोडला.

केसरीनाथ मात्र खायचा. खायचा म्हणजे खाऊन वर सांगायचा. "आज बोंबील असा कुरकुरीत होता," असं तो रस्त्यातून ओरडायचा, की झोपाळ्यावरच्या रामनाथच्या हातातला काढा गार व्हायचा.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गावातल्या मितेशच्या हळदीला गोष्ट हातघाईवर आली. केसरीनाथ ताट घेऊन मुद्दाम रामनाथच्या शेजारी बसला.

"हॉस्पिटलातून फोन आलाय रं. दहा वर्षांनी जुन्या पेशंटांचं काय झालं ते बघायचंय त्यांना. मशीनमध्ये घालून नसा दाखवणार. तुला आला का फोन?"

"मला तुझ्या आधी आला."

"मंग होऊन जाऊ दे. माझी एक जरी नस बंद निघाली, तर मरेपर्यंत तुझा दुधी खाईन. आनि माझ्या सगळ्या चालू निघाल्या, तर पुढच्या हळदीला तू सगळ्यांसमोर हाडूक चोखायचं. बोल!"

पंगतीतल्या पंचवीस माना वळल्या. रामनाथला हो म्हणावं लागलं.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. हाडकाची भीती नव्हती. भीती होती ती दहा वर्षांची. तीन हजार सहाशे दिवस दुधी! केसरीनाथच्या नसा चालू निघाल्या, तर ही सगळी तपश्चर्या म्हणजे माणूस दहा वर्षं एसटीच्या स्टँडवर रांगेत उभा राहिला आणि बस शेजारून सुटली, अशी गत.

शेवटी त्यानं जीप काढली आणि वज्रेश्वरी गाठली. बायको बायजाबाई बरोबर होतीच. पण देवीला जायचं कळल्यावर समोरची गोदूबाई, केसरीनाथची बायको, तीही ओटी घेऊन जीपमध्ये येऊन बसली. नको कसं म्हणणार? देवीपुढं रामनाथ मधे आणि दोन्हीकडे दोघी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, नाव घ्यायची तर नाहीच. त्यानं डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात म्हणाला, "आई, एकच नस. बारीकशी. जिवाला धोका नको, पन रिपोर्टात दिसली पायजे. बंद कर. काल्हेरवरनं चालत येऊन तुझी ओटी भरीन."

"काय मागितलं, भावजी?" बाहेर आल्यावर गोदूबाईनं विचारलं.

"सगळ्यांचं बरं," रामनाथ म्हणाला आणि उन्हाकडे बघून डोळे पुसले.

तपासणीच्या दिवशी चार तास उपाशी राहायचं होतं. आधी चालत्या पट्ट्यावर चालायचं, मग मशीन. दोघांच्या बायका मागे भिंतीशी उभ्या. पहिला नंबर केसरीनाथचा. रामनाथला मागच्या स्टुलावर बसवून छातीला तारा लावून ठेवल्या होत्या. पट्टा सुरू झाला. केसरीनाथ बाजारात निघाल्यासारखा हात हलवत चालला. मशीनवरच्या मुलीनं वेग वाढवला, चढ वाढवला.

"काका, दम लागला का?"

"अजून कशेळी तर येऊ दे, मंग बघू."

कशेळी म्हणजे काल्हेरच्या शेजारचं गाव; मुलीला काही कळलं नाही. तिनं आणखी वेग वाढवला, आणि त्या धक्क्यानं केसरीनाथच्या खिशातली कागदाची पुडी सुटली. उपास संपल्यावर खायला म्हणून आणलेला तळलेला बोंबील पट्ट्यावर पडला, पट्ट्यानं तो सुसाट मागे फेकला आणि तो थेट रामनाथच्या मांडीवर येऊन बसला. लालभडक, रवा लावलेला. दहा वर्षांत इतक्या जवळून भेट झाली नव्हती.

समोरचं मशीन टूंटूं करायला लागलं.

"काका, तुम्ही तर अजून पट्ट्यावर चढलाच नाहीत," मुलगी घाबरून म्हणाली. "ठोके एकशे वीसवर कसे गेले?"

"तो बोंबील उचला आधी," रामनाथ म्हणाला.

"टाकू नको गो!" केसरीनाथ पट्ट्यावरूनच ओरडला.

पुढे रामनाथ पट्ट्यावर चढला तो चौथ्या मिनिटाला दांड्याला लोंबकळला. मागून गोदूबाई म्हणाली, "दुधी कमी पडला असंल, भावजी." बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. तो काळजीनं की हसू लपवायला, हे रामनाथनं बघितलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरनं दोन्ही जोड्यांना समोर बसवलं आणि पडद्यावर चित्रं लावली.

"एकाच्या सगळ्या नसा चालू आहेत. दुसऱ्याच्या चारांतली एक बंद झालीय. बारीकशी आहे, जिवाला लगेच धोका नाही. पण रिपोर्टमध्ये स्पष्ट दिसतेय."

रामनाथला आनंद झाला. पुरते दोन सेकंद. मग 'चारांतली' हा शब्द त्याच्या डोक्यात शिरला. केसरीनाथला तर तीनच जोडल्या होत्या.

देवीनं शब्द न् शब्द पाळला होता. फक्त पत्ता सांगायचा राहिला होता.

"डॉक्टर, परत बघा," त्याचा आवाज चिरकला. "हा मानूस बोंबील खातो! मी दहा वर्षं दुधी खाल्ला!"

"गोळ्या?"

रामनाथनं खाली बघत काढ्याचं सांगितलं, वॉचमनचं सांगितलं. दुसऱ्या वॉचमनचं सांगायचं धाडस झालं नाही. डॉक्टरनं चष्मा काढला आणि तो केसरीनाथकडे वळला.

"तुम्ही गोळ्या घेता?"

"घेतो कुठला?" गोदूबाई म्हणाली. "मी देते. ताटात मिठाच्या जागी गोळी ठेवते. गिळली की मंगच भाकर. दहा वर्षं."

"आणि चालणं?"

"चालनं-बिलनं आपल्याला जमत न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

"न्हाय कसा? हिनं घरात तळनाची कढई ठेवली न्हाय, स्कूटरची चावी लपवली, म्हणून हा बोंबलाच्या वासानं रोज कशेळीला चालत जातो, डॉक्टर!" हे बायजाबाई बोलली. दहा वर्षं ती ओटीवरून बघत होती. "पाऊन तास जायला, पाऊन तास यायला. पावसात पन."

"तिकडं एक खानावळ हाय," केसरीनाथ शरमून म्हणाला. "एकच तुकडा खातो, डॉक्टर. बाकीचा नुसता सांगतो."

डॉक्टर हसू दाबत म्हणाला, "हे बोंबलामुळं नाही हं झालेलं. बोंबील असूनही झालंय. गोळ्या आणि पायांमुळं." मग रामनाथला म्हणाला, "ऑपरेशन नको सध्या. गोळ्या आजपासून. आणि चाला. आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवा. दम लागला, छातीत भरलं, की थांबायचं."

महिन्याभरानं रामनाथ पहिल्यांदा कशेळीपर्यंत पोचला. तीनदा थांबून, केसरीनाथच्या खांद्याचा आधार घेऊन. खानावळीच्या बाकावर दोघं बसले. हाडकाची पैज केसरीनाथनं आपणहून सोडली होती. आजारी माणसाला काय चोखायला लावायचं, असं तो गावभर सांगत फिरला होता. ते हाडकापेक्षा जास्त लागलं होतं.

"डॉक्टर दहा मिनिटं म्हणाला, आनि तू इथवर आलास," केसरीनाथ म्हणाला. "एवढी घाई कसली रं?"

"वज्रेश्वरीपर्यंत जायचंय. चालत. नवस बोललोय."

"कसला नवस?"

रामनाथनं समोरचा ट्रक जाऊ दिला. मग दुसरा जाऊ दिला. तिसरा येईना.

"तपासनीचा," तो म्हणाला. "तुझ्या नसांसाठी बोललो होतो."

केसरीनाथचा घास हातातच राहिला. दहा वर्षं ज्याला रस्त्यातून चिडवलं, तो भाऊ आपल्या नसांसाठी देवीला पायी चालत जायचं बोलून आला होता! त्याचे डोळे भरून आले.

"आनि माझ्या तिन्ही चालू निघाल्या," तो गदगदून म्हणाला. "पावली रं तुला देवी!"

"पावली," रामनाथ म्हणाला.

केसरीनाथनं बोंबील मोडला. मोठा तुकडा रामनाथच्या ताटलीत ठेवला, खिशातून गोळी काढून शेजारी मिठाच्या जागी ठेवली.

"नवस माझ्यासाठीचा, मंग तू एकट्यानं कशाला चालायचं? मी पन येतो. देवीपुढं उभा राहून मीच सांगतो, माझ्या भावानं काय मागितलं ते."

रामनाथनं गोळी गिळली. पाणी न घेताच.